कुत्र्याच्या लवेचा किडा

होळी जवळ आली की आमचा वाघ्या केस गाळायला लागतो. तसे ते वर्षभर गळतातच, पण धुळ्याचं ऊन एकदा तापायला लागलं की त्याच्या अंगातली आतली लव गठ्ठ्यागठ्ठ्याने सुटते, मग ती जिन्यात, गादीवर, गच्चीत वाळत टाकलेल्या पापडांवर, जिथे जागा सापडेल तिथे. बायको म्हणते अहो याला एकदाचं भादरून आणा. मी म्हणतो थांब जरा, झाडू नको, ते मला लागतं. लग्नाला सोळा वर्षं झालीत, त्यामुळे ती आता विचारत नाही कशाला लागतं, नुसती बघते.

तर कशाला लागतं ते सांगतो. मासे पकडायचे खोटे किडे बांधायला.

मी मोटारी भरायचं काम करतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने गुंडाळायची. वडिलांनी टाकलेलं दुकान आहे, मी चालवतो. विहिरीवरची पाच एचपीची मोटार जळाली की शेतकरी आधी आमच्याकडे येतो आणि मग घरी जाऊन सांगतो. असा दिवसभर तारेत हात असलेला माणूस फ्लाय (हेच ते खोटे किडे) बांधायच्या नादाला लागला तो साडूमुळे. साडू हिमाचलला हायड्रोच्या कामावर होता, त्याने एकदा बोलावलं, सुट्टी काढून गेलो, आणि तीर्थन नदीवर एका माणसाला गळ टाकताना बघितलं. गळ म्हणजे आपल्याकडचा गांडूळवाला नाही. त्याच्या टोकाला केसांचा बांधलेला एवढुसा किडा, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा लांब, आणि त्याने त्या किड्यावर माझ्या डोळ्यादेखत ट्राउट काढला, बघितला, सोडून दिला. सोडून दिला! आमच्याकडे मासा सोडून देणाऱ्याला वेड्याच्या डॉक्टरकडे नेतील.

ट्राउट आपल्याकडे नाही आणि होणारही नाही. हा थंड पाण्याचा मासा, पाणी २० डिग्रीच्या वर गेलं की त्याला दम लागतो, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. आपल्याकडे मे महिन्यात नळाच्या पाण्याने हात भाजतो. मुळात तो हिमालयातलाही नाही, इंग्रजांनी आणला. काश्मीरमध्ये १९०० साली स्कॉटलंडहून बर्फात ठेवून अंडी आणली, कुल्लूकडे १९०९ ला. म्हणजे तोही बदली होऊन आलेला माणूसच म्हणायचा, फक्त पुढे मुक्कामीच राहिला.

आणि हा मासा जास्त करून खातो ते पाण्याखालचं. वर उडणारे किडे म्हणजे त्याला कधीमधीची मेजवानी, रोजचं जेवण खाली दगडांत. काही किडे अंड्यातून बाहेर पडल्यावर कित्येक महिने, कधी कधी वर्षभर पाण्यातच काढतात, पंख फुटलेले नसतात, दगडाला चिकटून बसतात, आणि पंख फुटले की एक-दोन दिवसात सगळा खेळ खलास. त्या पाण्यातल्या बिनपंखाच्या अवस्थेला निम्फ म्हणतात. तुम्हाला बघायचा असेल तर हिमाचलला जायची गरज नाही, दिवाळीच्या सुमारास पांझरेवर पिंपळनेरच्या बाजूला जा, जुन्या फडाच्या बंधाऱ्याखाली पाणी गुडघाभर आणि स्वच्छ असतं, तिथला एक दगड उचलून उलटा करा. खाली चपटे, राखाडी-तपकिरी, सहा पायांचे, मागे बारीक शेपट्या असलेले किडे पळताना दिसतील. मी लहानपणी त्यांच्यावर कितीदा पाय देऊन पोहलोय, नाव विचारायचं कधी सुचलं नाही.

आता केसांचं सांगतो, कारण खरी मजा तिथे आहे.

या निम्फची नक्कल करून बांधलेल्या फ्लायलाही निम्फच म्हणतात. तो रेडिमेड मिळतो, बांधायच्या केसांची पाकिटं पण मिळतात रंगीत, सिंथेटिक. मी पहिल्या वर्षी मागवली होती, चमचमतात छान, नवरीच्या चुड्यासारखी. पण ओली झाली की मेलेली वाटतात, एकदम चापून बसतात. नैसर्गिक केसाचं तसं नाही. कुठल्याही लवदार जनावराच्या अंगावर दोन थर असतात, आत मऊ लव, बाहेर राठ केस. लव बारीक, कुरळी, एकमेकीला धरून बसते, त्यामुळे तिचा धागा वळता येतो आणि तिच्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून पाण्यात चमकतात. राठ केस धागा वळू देत नाहीत, पण ते मधूनमधून बाहेर डोकावतात आणि प्रवाहात हलतात, माशाला वाटतं पाय हलवतोय. एकट्या लवेचा किडा केला तर बोळा होतो, एकट्या राठ केसांचा केला तर तो दोऱ्यावर थांबतच नाही. दोन्ही पाहिजेत. खान्देशातल्या माणसाला हे पटकन कळतं कारण कापसाचं पण तेच, व्यापारी बोंडातून चिमूट काढतो, दोन्ही अंगठ्यात धरून ओढतो आणि धाग्याची लांबी बघून भाव पाडतो. मी वाघ्याच्या पाठीवरची लव तशीच ओढून बघतो. मांडीमागची लांब, वळायला सोपी. कानाजवळची इतकी आखूड की तिच्यात काही दम नाही, पण त्यातच काळ्या टोकाचे राठ केस भरपूर, ते पुढच्या भागाला कामाला येतात.

परदेशात याला सशाच्या तोंडावरचे आणि कानावरचे केस वापरतात, तोच सगळ्यात जुना आणि चालणारा माल. त्या रानसशाच्या केसाची गंमत अशी की एकाच केसावर रंगाचे पट्टे असतात, बुडाशी राखाडी, मध्ये बदामी, टोकाला काळा. त्यामुळे चार चिमट्या एकत्र केल्या की जो रंग तयार होतो त्याला नाव देता येत नाही, नदीच्या तळाचा रंग म्हणा फार तर. मला हे कळलं तेव्हा एका ओळखीच्या माणसाने लगेच सांगितलं, अरे ससा पाहिजे ना, आमच्या शिवारात रात्री बॅटरी मारली की चार दिसतात, कातडं आणून देतो. म्हटलं बाबा रे हात जोडतो. माळावरचा ससा मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्याचं कातडं घरात ठेवणंही. मुंगसाचं तेच, पेंटिंगच्या ब्रशसाठी किती मुंगसं मारली लोकांनी. शिवाय कायदा बाजूला ठेवला तरी, एका खोट्या किड्यासाठी खरा ससा मारायचा, हे गणित मला जमत नाही.

मग वाघ्याकडे लक्ष गेलं. वाघ्या अर्धा जर्मन शेफर्ड, अर्धा आमच्या कॉलनीचा. एक दिवस कंगव्यातला केस उचलून दुकानातल्या भिंगाखाली धरला (तारेचं इनॅमल तपासायला भिंग ठेवतो मी) आणि बघतो तर काय, बुडाशी राखाडी, मध्ये बदामी, टोकाला काळा. डिट्टो. कुत्रं घरात सहा वर्षं, रोज त्याचे केस शर्टावर घेऊन दुकानात जातोय, आणि मी पाकिटं मागवतोय.

केस घेतले की धुवायला लागतात नाहीतर तेलकटपणामुळे ओशट राहतात, पाणी धरत नाहीत. मी रिठ्याच्या पाण्यात धुतो, दोनदा. सुकवायला पेपरवर पसरायचे. पहिल्या वेळी मी पेपरवर पसरले आणि सवयीने फॅन लावला. पुढचं काय लिहू. देवघरातल्या बाळकृष्णाला पण लव आली होती.

दुसरी चूक मिक्सरची. लव आणि राठ केस नीट एकत्र व्हावे म्हणून लोक कॉफीच्या ग्राइंडरमध्ये फिरवतात असं बघितलं होतं. आमच्याकडे कॉफी कोण पितो, म्हणून मी चटणीचं छोटं भांडं घेतलं, ज्यात आमचा शेंगदाण्याचा ठेचा होतो. फिरतं मस्त, दोन झटक्यात ढगासारखं होतं. पण मी ते भांडं धुऊन ठेवलं असं मला वाटलं, आणि रविवारी कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा आला त्यात एक केस निघाला. एकच. पण बायकोने भांडं, झाकण, पातं सगळं उचलून दुकानात आणून माझ्या टेबलावर ठेवलं, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, आणि म्हणाली हे आता तुमचं. तेव्हापासून ते माझंच आहे. खरं तर त्याचीही गरज नाही, प्लास्टिकच्या बाटलीत साबणाचं पाणी घ्यायचं, केस टाकायचे, बूच लावून मिनिटभर घुसळायचं, गाळायचं, पिळायचं, सुकवायचं, तितकंच छान मिसळतं. हे मला नंतर कळलं. ठेवताना डबीत डांबरगोळी टाका, नाहीतर पावसाळ्यात कसर लागते.

बांधायला सामान माझ्या दुकानातच होतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं. हॅण्डवाईसमध्ये गळ पकडायचा आणि हॅण्डवाईस मोठ्या बाकवाईसमध्ये पकडायचा, झाला स्टँड. गळाचा नंबर १४. गळाच्या नंबरचं आपल्या तारेसारखंच आहे, नंबर वाढला की वस्तू बारीक, त्यामुळे मला कोणी शिकवावं लागलं नाही. दोरा साडीच्या फॉल-पिकोवाल्याकडून आणला, त्यातला सगळ्यात बारीक. दोरा ओढून धरायला बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा. मेण चौकातल्या चप्पलवाल्या काकांकडून, ते दोऱ्याला चोळतात तेच. शेवटी गाठीवर लावायला वार्निश, ते तर डब्याने आहे.

आणि तार. निम्फला वजन पाहिजे, आणि अंगावर वळ्या दिसायला वरून बारीक तारेचे वेढे पाहिजेत. लोक आत शिशाची तार घालतात. शिसं तांब्यापेक्षा जड आहे, तांबं ८.९ तर शिसं ११.३, पण शिसं नदीत सोडून यायला मला बरं वाटत नाही आणि तांब्याच्या तारेचे तुकडे तर माझ्याकडे पोत्याने पडलेले असतात. आत २६ नंबरची, वरून ३८ ची. ३८ म्हणजे ०.१५ मिलीमीटर, साधारण सिलिंग फॅनच्या तारेपेक्षा पण एक-दोन नंबर बारीक. इनॅमलचा तो लालसर तपकिरी रंग पाण्यात काळा पडत नाही. इंग्लंडात फ्रँक सॉयर म्हणून एक होऊन गेला, एव्हन नदीची राखण करायचा, नोकरीच तीच. त्याने फेझंट नावाच्या पक्ष्याच्या शेपटीची पिसं आणि तांब्याची तार, बस एवढ्यावर निम्फ बांधला, दोरा वापरलाच नाही, तारच दोरा. त्याला पाय पण नव्हते लावलेले, कारण त्याचं म्हणणं पोहणारा निम्फ पाय अंगाला चिकटवून घेतो. मला हा माणूस जाम आवडतो. आमच्या धंद्यात असता तर कुठल्या कुठे गेला असता. पण पायांच्या बाबतीत मी त्याचं ऐकत नाही, मला केस बाहेर आलेलेच आवडतात, आणि मी बांधतो तो दगडाला धरून रांगणारा किडा आहे, पोहणारा नाही, त्यामुळे दोघांचंही बरोबर.

आता बांधताना मी काय माती खाल्ली ते.

वाईंडिंगवाल्याला एक खोड असते, वेढे एकाला एक चिकटून, रांगेत, घट्ट. दोनशे वेढे सांगितले की दोनशेच, एकावर एक चढला की कॉइल स्लॉटमध्ये बसत नाही. मी निम्फ पण तसाच बांधला. लवेचा मस्त जाड पेळू केला, गळाच्या मागपासून पुढपर्यंत गुंडाळला, वरून बारीक तारेचे सारख्या अंतरावर पाच वेढे, बाहेर आलेला प्रत्येक केस कात्रीने साफ. इतका सुबक झाला की मी त्याचा फोटो डीपीला ठेवला होता. असे बारा बांधले.

दसऱ्यानंतर तीर्थनला गेलो. धुळ्याहून मनमाड, मनमाडहून दिल्ली, दिल्लीहून मनालीच्या बसने रात्रभर, पहाटे औटला उतरलो, तिथून बंजारकडे जीप. लायसन मत्स्य खात्याकडून आधीच काढून ठेवलं होतं साडूने, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असतं, तेव्हा मासा अंडी घालतो. पाणी असं की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. माझा निम्फ पाण्यात टाकला की तो आधी तरंगायचा, मग कंटाळून अर्धा बुडायचा, आणि बूच वाहून जावं तसा जायचा. तिथला एक पोरगा शेजारी उभा होता, त्याने हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, भाईसाब ये कीड़ा नहीं है, चूहा है.

मला आधी राग आला. मग त्याने एक गोटा उलटा केला. खालचा निम्फ बघितला तर जिऱ्यासारखा. खरंच जिरं, तेवढाच बारीक, मागे निमुळता, पुढे खांद्याशी जरा फुगीर, आणि पाय-कल्ले सगळे पसरलेले, विस्कटलेले. त्याच्या शेजारी माझा ठेवला, कपाशीचं बोंडच जसं काही. त्या जाड पेळूत इतकी हवा कोंडली जात होती की आतली तांब्याची तार काय करणार बिचारी. त्याने माझ्याकडचा एक घेतला, दाताने आणि नखाने निम्मी लव उपटून टाकली, उरलेली विस्कटली, पाण्याखाली धरून दोन बोटांत चांगला पिळला आणि दिला. चौथ्या-पाचव्या फेकीला दोरा थांबला. झटका वगैरे नाही, नुसता वाहता वाहता थांबला, मला वाटलं दगडात अडकला म्हणून काठी उचलली तर तो दगड वर निघाला. वीत-दीड वीत असेल. अंगावर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिक्कं कडं, आणि ओठाच्या कोपऱ्यात माझ्या वाघ्याची लव.

सोडून दिला. फोटो काढायला साडूकडे मोबाईल दिला होता, त्याने त्याच्या अंगठ्याचा काढला.

घरी येऊन परत बांधायला बसलो, पण हाताची खोड जाते का. कमी घेतली असं वाटायचं आणि जाडच व्हायचा. तेव्हा श्रावण नव्हता पण आईचं वाती वळणं बारमाही चालतं, ती समोर पाटावर कापूस घेऊन बसलेली. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तू कापूस किती घेतोस रे एवढा? वात जाड झाली की ती जळत नाही, नुसती तेल पीत बसते." मी म्हटलं आई हा कापूस नाही, वाघ्याचे केस आहेत. ती म्हणाली, "काय असेल ते. कमी घे, आणि हात एकाच बाजूला फिरव, मागे-पुढे केलं की उलगडतं." आणि खरोखर मी बोटं मागे-पुढे चोळत होतो, इकडे वळायचं तिकडे सुटायचं, आणि सुटतं म्हणून अजून लव लावायची, असं ते जाड होत जायचं.

तेव्हापासून माझं माप असं आहे. लव चिमटीत घेतली आणि डोळ्यासमोर धरली तर पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं पाहिजे. तारीख वाचता आली तर उत्तम. हे बघून पहिल्यांदा वाटतं एवढ्याने काय होणार, दोऱ्याला नुसती धूळ लागल्यासारखी दिसते. तीच बरोबर.

आता बांधतो तो असा. गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधी पक्कडीने दाबून सपाट करतो, म्हणजे मासा सोडताना तोंड फाटत नाही. पुढच्या निम्म्या भागात २६ नंबरचे आठ वेढे, खांदा तिथे येतो म्हणून वजन तिथे. मागे शेपटीला वाघ्याच्या मानेवरचे सात-आठ राठ केस, गळाच्या दांडीच्या निम्म्या लांबीचे. तिथेच बारीक तार बांधून लोंबती सोडायची. मग दोऱ्याला मेण, मेणावर ती धुळीएवढी लव, अंगठा आणि तर्जनीत एकाच दिशेने वळायची, आणि मागून पुढे गुंडाळत आणायची, मागे एकदम बारीक, पुढे थोडी वाढवत. बारीक तार उलट्या दिशेने चार-पाच वेढे. उलटी का, तर सरळ फिरवली तर ती लवेच्या वेढ्यांमध्ये शिरून गायब होते, उलटी फिरवली की प्रत्येक वेढा लवेला आडवा बसतो आणि माशाचे दात लागले तरी उसवत नाही. पाठीवर पंखांच्या कळीसाठी गावठी कोंबडीच्या पिसाची पट्टी, दोन-तीन मिलीमीटर रुंद, ती आधी बांधून मागे टाकून ठेवायची. तिच्यापुढे खांद्याला राठ केस जास्त असलेला माल, तो मुद्दाम सैल वळायचा. पट्टी वरून पुढे दुमडायची, गाठ, वार्निशचा थेंब सुईच्या टोकाने. बारीक तारेचं टोक कात्रीने कापू नका, कात्री जाते, इकडे-तिकडे वाकवली की मोडते.

एक गोष्ट मात्र कित्येक महिने चुकत होती, पुढे गाठीला जागाच उरत नव्हती, सगळं गळाच्या डोळ्यापर्यंत भरून जायचं आणि नदीवर गेल्यावर दोरा ओवायला भोकच सापडायचं नाही. कॉइल भरताना आपण लीड, म्हणजे तारेचं टोक, बाहेर काढायला जागा सोडतो की नाही? नवीन पोराला मी त्यावरून शिव्या घालतो. स्वतः मात्र दोन डझन फ्लाय बुजवले.

आणि सगळ्यात शेवटी, जे मला अजून जिवावर येतं. जुन्या सँडलचा वेल्क्रोचा तुकडा ठेवलाय, तो खांद्यावर खालून आणि बाजूने घासायचा, केस ओढून बाहेर काढायचे, निम्फ घाण दिसेपर्यंत. एवढं निगुतीने बांधायचं आणि मग विस्कटायचं. माझ्या पोरीला हे काम फार आवडतं, ती म्हणते पप्पा द्या मी खराब करून देते.

लंडनमध्ये स्क्यूज नावाचा एक वकील होता, तो पकडलेल्या माशाचं पोट लांब चमच्याने उकरून आत काय खाल्लंय ते बशीत ओतून बघायचा आणि मग तसाच किडा बांधायचा. तरी तिथल्या काही मंडळींना निम्फने मासा पकडणं म्हणजे लबाडी वाटायची, पाण्यावर तरंगणारी फ्लायच खरी, खालून पकडायचं नाही, १९३८ ला यावर त्यांच्या क्लबात चक्क सभा बसली. आपल्याकडे भरताला वांगी काट्यांवर भाजायची की गॅसवर यावरून भांडणं होतात, तसंच ते.

मागच्या महिन्यात दुकानात एक जिभाऊ आले होते, साडेसात एचपीची सबमर्सिबल जळालेली. मोटार वार्निश करून सुकायला ठेवली होती, म्हणून मी तेवढ्यात एक निम्फ लावून बसलो होतो. जिभाऊंनी चष्मा वर केला. "हाई काय करी ऱ्हायना भाऊ? मनी मोटार सोडीसन झुरय बांधी ऱ्हायना का?" म्हटलं जिभाऊ झुरळ नाही, मासा पकडायचा किडा आहे, कुत्र्याच्या केसांचा. ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मासा येडा शे का कुत्राना केस खावाले?" त्यांच्या शेततळ्यात चिलापी माजलीय हे मला माहीत होतं, चिलापी खाण्याच्या बाबतीत काही पथ्य पाळत नाही, मी स्वतः आठ-दहा काढल्यात त्याच्यावर. तोच निम्फ वेल्क्रोने विस्कटून काडेपेटीत घालून दिला, सांगितलं बारीक दोरा लावा, बुडू द्या, हळूहळू ओढा, काट्याला धार आहे खिशात सुटा ठेवू नका.

चार दिवसांनी फोन आला. मला वाटलं मोटार परत गेली, पोटात गोळाच आला.

"भाऊ, तुनं झुरय बाभूयमा अटकी गयं. आखो दोन बांधी ठेव."

म्हटलं ठेवतो, पण जिभाऊ मासा लागला का नाही? तर म्हणे तीन लागले, चौथ्याला जोरात झटका दिला तर झुरय वर झाडात. मग मी जरा चाचरत विचारलं, आणि मोटारीचे पैसे?

"कापूस इकाई गया का दी दिसू. तू पयले झुरय बांध."